नववा मोती

माझ्या नवऱ्याच्या, नाजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी मेहरमध्ये मिळालेली राणीछाप चांदीची नाणी सना शहराच्या बाजारात नेली. हादी सराफानं राणीच्या खांद्यावरच्या मोत्यांच्या पदकावरून अंगठा फिरवला आणि नाणी परत सरकवली.

"मावशी, खऱ्याला मोती नऊ असतात. यांना आठच आहेत. कथलाचा भाव येईल."

"अरे, निकाहात माझ्या बापानं चारचौघांत मोती मोजून घेतलीत ही!"

"तेच कळत नाही. मला मोजायला त्यांनीच शिकवलं."

घरी येऊन मी नाणी नाजींच्या उशाशी ठेवली आणि हादीचं बोलणं सांगितलं. त्यांनी चाचपून एक उचललं.

 

"तुझे वडील आठवर थांबले होते. माझ्या कमरेच्या उसन्या खंजिराकडं बघितलं, आणि मोठ्यानं म्हणाले, नऊ."