सूनबाईंची पसंती

चढावर गाडीला धाप लागायची. शेजाऱ्याने इंजिनात जास्त हवा ओढणारा महागडा, घोंघावणारा इनटेक पाइप सुचवला. सुनेने मात्र इंजिनाजवळच्या जुन्याच डब्यात चपखल बसणारा, धुऊन वापरायचा स्वस्त एअर फिल्टर निवडला. बसवून घ्यायचं काम सासऱ्यांनी घेतलं.

आज फाटकात ते शेजाऱ्याला ऐकवत होते, "अहो, आता चढावर हरणासारखी पळते! आमच्या सूनबाईंची पसंती आहे, म्हटलं!"

शेजारीच उभ्या सुनेची मान अभिमानाने ताठ झाली. भाजीची पिशवी काढायला तिने डिकी उघडली, तर फिल्टर सीलबंद खोक्यात तसाच. शेजाऱ्याची पाठ वळताच ती कुजबुजली, "बाबा, अहो, तो अजून बसवलेलाच नाहीये!"

"माहितीये गं. मेकॅनिक उद्या येतोय. पण तुझं कौतुक उद्यापर्यंत माझ्या पोटात राहतंय होय!"