ढोलकीची बोली

वडील गेल्यापासून त्यांची ढोलकी दिसली की आई रडायची, म्हणून दीक्षाने ती ऑनलाइन लिलावाला काढली. सर्वांत मोठी बोली लावणारा ती न्यायला जुईनगरला आला आणि दारातच कुरकुरला, “चामडं सैल आहे. अर्धेच देईन, नायतर वाईट रिव्ह्यू टाकेन.” “मग नका घेऊ,” दीक्षा म्हणाली. त्याने खिशातला चाकू काढून चामडं टरकन फाडलं. “आता विक कोणाला विकतेस ती!” दीक्षाने तीच ढोलकी उचलून त्याच्या तोंडावर हाणली. चाकू खाली पडला, नाकातून रक्ताची धार लागली. “पोलिसांत जातो!” तो किंचाळला. आईने पुढे येऊन चाकू पदरात धरून उचलला. “चल, मीपण येते. हा कोणाचा, तिथंच सांग.” तो जिन्यावरून धडपडत पळाला. मग दार लावून आई ढोलकीपाशी मटकन बसली. “तुझ्या बाबांचाच हात कापल्यागत वाटलं गं.”