फुलांचा गार चहा

उदगीरचे मलप्पा बायको आणि मुलाला घेऊन लातूरच्या सिद्रामप्पांकडे मुलगी बघायला आले. मुलीनं, महानंदानं, सकाळपासून एकच उद्योग केला होता. निजाम सरकारच्या कचेरीतल्या मामानं हैदराबादहून धाडलेली हिरवी चहापत्ती तिनं गरम पाण्यात मुरवली, मोगऱ्याच्या कळ्या नि गुलाबाच्या पाकळ्या घातल्या आणि तो चहा गाळून गार केला. पाव्हणे बसल्यावर आगगाडीनं भुश्यात गुंडाळून आलेला बर्फ फोडून तिनं पेल्यांत टाकला.

मलप्पांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“सिद्रामप्पा, चहा थंड हाय.”

“तो थंडच प्यायचा असतो,” महानंदा हळूच म्हणाली.

“दूध न्हाई, वरून फुलाचा वास! ह्यो चहा हाय का पूजेचं पाणी? आमच्या घरात असलं चालायचं न्हाई. उठा!”

सिद्रामप्पांचा चेहरा उतरला. मुलगा निमूटपणे उठला.

त्याची आई उमाबाई मात्र बसूनच राहिली. तिनं पेला सावकाश रिकामा केला, तळाचा बर्फही कडाकडा चावून खाल्ला आणि पदरानं तोंड पुसलं.

“अवो, बसा खाली,” ती नवऱ्याला म्हणाली. “लगीन होऊन आले तवापासून तुमा समद्यांना गरम चहा देऊन माझा थंडच पीत राहिले. आज पहिल्यांदा तुमी बी माझ्यासारखा पिला. मला पोरगी लई पसंत हाय.”