उघडी घरं

"हितं वाडीच न्हाई," शिदू म्हणाला. "सायब, हितं नुसता हिरवा रंग हाय."

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पडद्यावर वडिवळे धरणावरच्या डोंगराचा नकाशा पसरला होता. समोर वरच्या वाडीची पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसली होती. नकाशात ज्याचं घर असेल, त्याला घराखालच्या जागेचा उतारा मिळणार होता. उरलेला डोंगर पर्यटन प्रकल्पाला जाणार होता. हरकत घ्यायचा आज शेवटचा दिवस. आणि वाडीतल्या बावीस घरांपैकी एकही घर नकाशात नव्हतं.

"मंग माजा दाल्ला रोज घोरतोय कुटं?" बाया मावशी म्हणाली.

माणसं हसली. नकाशा घेऊन आलेले सरकारी साहेब हसले नाहीत. त्यांनी हरकतीचा अर्ज पुढे केला. शिदूने सही केली. त्याला दोनच अक्षरं येत, स्वतःच्या नावाची. ती त्याने सावकाश काढली आणि लेकीकडे पाहिलं.

"मंगल, तू ह्येच शिकलीस न्हवं? सांग सायबास्नी."

मंगल उठली. कामशेतच्या क्लासात तिने सहा महिने संगणकावर नकाशे काढले होते. उपग्रहाचा फोटो कसा वाचायचा, त्यावर घर, वाट, ओढा कसा आखायचा, हे तिला येत होतं. वाडीतून एवढं शिकलेली ती पहिलीच. तिने नकाशाखालचा मूळ फोटो उघडायला लावला, तारीख पाहिली आणि तिला सगळं उमगलं.

"साहेब, हा फोटो मे महिन्यातला आहे. अक्षय तृतीया झाली की आमच्याकडे एकाच दिवशी सगळ्या घरांवरचं जुनं गवत उतरवतात. ते भाताच्या राबाला, म्हणजे रोपांची जमीन भाजायला जाळायचं, मग नव्या गवताने घरं शाकारायची. तोवर आठ दिवस आम्ही आंब्याखाली राहतो. वरून बघणाऱ्याला नुसत्या कुडाच्या भिंती दिसणार. छप्पर नाही म्हणून त्याने पडीक समजून सोडून दिलं."

साहेबांनी मान डोलावली. मंगलला जोर चढला.

"हे काढणाऱ्याने मावळात कधी पाऊल तरी टाकलंय का? पंख्याखाली बसून आमची घरं पुसली!"

"आस्सं!" बाया मावशीने टाळी वाजवली. शिदूने आजूबाजूला पाहून घेतलं, सगळे ऐकताहेत ना.

"पटतं मला," साहेब म्हणाले. "बाहेरच्या माणसाने काढलं असेल, तर हरकत आत्ता मान्य करतो. स्थानिक माणसाने काढलेलं मात्र अंतिम धरायचं, असा आदेश आहे. कुणी काढलं त्याची नोंद असते. बघू."

त्यांनी कळ दाबली. पडद्यावर एक ओळ उमटली.

चौकोन १०४. आखणी: मंगल शिदू गवारी. स्थानिक.

मंगलला क्लासाचा दुसरा आठवडा आठवला. प्रज्ञेश सरांनी फोटोचे चौकोन वाटले होते. कुठल्याच चौकोनावर गावाचं नाव नव्हतं, फक्त आकडा. "छप्पर दिसलं तर घर. नाही दिसलं तर पुढे चला. नुसता सराव आहे," ते म्हणाले होते. मंगलने त्या दिवशी चोवीस चौकोन संपवले. काळे डाग आणि उघड्या भिंतींचा एक तर अर्ध्या मिनिटात. तिच्या वेगासाठी सरांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

ज्यांना वाचता येत होतं, त्यांनी माना खाली घातल्या. साहेबांनी अर्ज उलटा करून ठेवला. मंगलला बसायचंही सुचेना.

शिदू उठून पडद्याजवळ गेला. ओळीवरून बोट फिरवत एका जागी थांबला. त्याचा चेहरा फुलला.

"ह्ये बगा की सायब, शिदू लिवलंय! म्हंजी आमी हाय नकाशात."