शिवण बाहेर

साईराज आणि त्याच्या धाकट्या बहिणीची कातडी जन्मापासूनच इतकी नाजूक, की कपड्याची शिवण घासली तरी फोड येतो. म्हणून त्यांची आई नम्रता दोघांनाही कपडे उलटे घालायची, शिवण बाहेर ठेवून. सासूला, इंदूबाईंना, ते मुळीच पटायचं नाही. "उलटा कपडा अंगाला लावू नये गं. गाव हसंल."

गौरीच्या दिवशी पोशीर गावातल्या बायका हळदीकुंकवाला येणार होत्या. तासाभरापुरता लेकीचा नवा फ्रॉक सुलटा घालावा म्हणून नम्रताने तो हातात घेतला. लेक मागे सरकली. "आई, आज नको ना गं. लय दुखतं."

दारात उभ्या असलेल्या इंदूबाईंनी ते ऐकलं आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.

बायका आल्या. त्यातली एखादी तरी विचारतेच, तशी एकीने कुंकू लावता लावता पोरांचे उलटे कपडे आणि अंगावरचे फोड बघून विचारलं, "दोनी पोरांना हेच? कुनाकडनं आलं म्हनायचं? सुनेच्या म्हायेरचं हाय का?"

नम्रताची मान खाली गेली.

इंदूबाईंनी खांद्यावरचा पदर बाजूला केला. सणासाठी शिवलेला त्यांचा नवाकोरा ब्लाउज उलटा होता, बाहीची शिवण बाहेर, दोरे लोंबत असलेली.

"तिच्या म्हायेरचं नाय," त्या म्हणाल्या. "माज्याकडनं आलंय. हे बघ."