पांढऱ्या झग्यातली ओदील

१८८४ सालचा उन्हाळा. सेन नदीकाठच्या आमच्या कुरणात चित्रकार ग्रांदेल माझ्या थोरल्या बहिणीला, ओदीलला, पांढऱ्या झग्यात उभं करून रंगवत होते. ऊन बदललं की ते आदलं काम सुरीनं खरवडून टाकत आणि पुन्हा सुरुवात करत. जत्रेत फोटोवाला आला, तर आईनं त्याला हाकललं. "आमच्या पोरीचं रंगीत चित्र होतंय. तुझा काळपट फोटो हवाय कुणाला?"

गवतकापणीच्या आधीच ओदील तापानं गेली.

महिन्याभरानं ग्रांदेलनी चित्र आणून दिलं. चेहऱ्याच्या जागी गुलाबी रंगाचा नुसता एक फटकारा होता. मला धडकी भरली, पण आईनं त्यावरून हळूच बोट फिरवलं. "तोंड कशाला हवं? अशी मान कलती करून माझी ओदीलच उभी राहायची. नाहीतर तू! नुसता खांब."

पुढे ग्रांदेल पॅरिसमध्ये नावारूपाला आले आणि तिथेच वारले. आई एकवीस वर्षं रोज त्या चित्राशी बोलली, आणि त्याच्याकडे बघतच गेली. मी लग्न केलं नाही. तिचं सगळं मीच केलं.

ओदील गेली त्याच आठवड्यात ग्रांदेलनी तिला खरवडून टाकलं होतं. तिचा झगा घालून दोन सकाळी कुरणात मी उभी राहिले होते, आणि एकवीस वर्षं आई माझ्याशीच बोलत होती, माझ्याकडे पाठ करून.