बाबांनी सोडलेले मासे

नितेश खाणावळीच्या दारातच थबकला. कोपऱ्यातल्या बाकावर त्याचे वडील, धोंडू, मान खाली घालून जेवत होते. ताटात बांगड्याचं तिखलं होतं.

दीड वर्षापूर्वी याच माणसानं मासे सोडले होते. बायकोला, सुगंधाला, जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ‘तिच्यामागे आता मासे नकोत,’ एवढंच ते म्हणाले. नितेशनं ती गोष्ट ऑफिसात, सोसायटीत, प्रत्येक लग्नात सांगितली. सांगताना दर वेळी त्याचा आवाज जड व्हायचा. ऐकणाऱ्या बायका डोळे टिपायच्या.

आज रविवार. घाटकोपरच्या भटवाडीत तो फक्त सोलकढी न्यायला आला होता. एक वाजता घरी सगळे टेबलावर जमणार होते. आई गेल्यावर घरातली जेवणं विस्कटली होती. कोणी टीव्हीसमोर, कोणी मोबाइलमध्ये, त्याची बायको दीप्ती ओट्याशी उभ्यानं. मग नितेशनं टेबल आणलं आणि नियम केले. मोबाइल तांदळाच्या रिकाम्या डब्यात. दीप्तीनं वाढत बसायचं नाही, ज्यानं त्यानं आपापलं घ्यायचं. घर पुन्हा हसायला लागलं. फक्त बाबा रविवारी वरणभाताचे दोन घास खाऊन उठायचे. आईची आठवण येत असेल, असं समजून कोणी आग्रह करत नसे.

तो त्यांच्या ताटासमोर जाऊन उभा राहिला.

“झकास. घरी वरणभात, इथे बांगडा.”

धोंडूंचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं, पण नितेशच्या खांद्याकडे.

“आईच्या नावावर खोटं बोललात, बाबा. मी सगळ्यांना सांगत फिरलो. आता कोणाला तोंड दाखवू?”

“हळू बोल. लोक जेवतायत.”

तेव्हा कुठे नितेशला त्यांच्या शेजारी बसलेली द्रौपदी, खाणावळवाली, दिसली. तिच्यापुढे वेगळी ताटली होती. ती बांगडा उकलत होती, बोटांनी चाचपून काटे बाजूला काढत होती आणि साफ केलेला मासा धोंडूंच्या भातावर ठेवत होती.

“तू झील काय यांचा?” तिनं मान वर न करता विचारलं. “मग उभा का? बस. साखरेनं डोळे गेलेत त्यांचे. समोरचा माणूस धुरकट दिसतो, काटा कुठला दिसायला?”

“पण ते पेपर वाचतात. रोज.”

“हातात धरतात,” द्रौपदी म्हणाली.

नितेश बाकाच्या कडेला बसला. जेवताना आईचा हात कायम बाबांच्या ताटात असायचा. ‘अजून भरवतेस काय गं त्यांना?’ म्हणून तो चिडवायचा. ती नुसती हसायची आणि काटे ताटाखाली सरकवायची.

“मला सांगायचं ना, बाबा. एकदा तरी.”

द्रौपदीची बोटं थांबली. तिनं पहिल्यांदाच नितेशकडे नीट पाहिलं. धोंडू भात चिवडत राहिले.

“जाऊ दे रे. एक वाजत आला असेल. घरी थांबली असतील सगळी.”

आणि नितेशला नव्या टेबलावरचा पहिला रविवार आठवला. बाबांनी आपलं ताट हळूच त्याच्याकडे सरकवलं होतं. “जरा बघतोस काय रे?” ताटात बांगडा होता. नितेशनं ते दोन बोटांनी परत ढकललं होतं. “नियम म्हणजे नियम, बाबा. ज्यानं त्यानं आपापलं.” टेबलावर हशा पिकला होता. सगळ्यात मोठ्यानं बाबाच हसले होते.

पुढच्या रविवारी त्यांनी मासे सोडले.